दम कमावता येतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यक्रमात आजवर मी वाण वाटले, रांगोळ्या घातल्या, चहाची किटली फिरवली. या टेबलामागे उभी राहण्याची मात्र ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शरीरशास्त्रावर मी काय बोलणार, असे मी चिटणीसबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "पुस्तकातले नका सांगू. तुमच्या घरी जे घडले ते सांगा." म्हणून धीर करून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझा विषय आहे दम. कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलींचा दम कमी का पडतो आणि तो कमावता येतो का, एवढेच मला सांगायचे आहे.

कबड्डी, म्हणजे आपल्या लहानपणीचा हुतुतू. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक तिथे करून दाखवले होते. पुरुषांची कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धेत आली. बायकांची यायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणले. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तोही आपणच जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे होत्या. हे सांगते ते एवढ्यासाठी, की आपल्या पोरी मैदानावर जातात ते काही रिकामपणचे उद्योग करायला नव्हे.

आता घरची गोष्ट. ती सांगताना मला माझी चूक आधी कबूल करावी लागेल.

माझी धाकटी लेक अकरावीत आहे. आठवीपासून कबड्डी खेळते, चढाई करते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचे काहीतरी बिनसले. पहिला डाव बरा जाई. दुसऱ्या डावात तीन-चार चढाया झाल्या की ओठ पांढरे पडत आणि तोंड उघडे टाकून ती धापा टाकी. मध्यरेषेला परत येण्याआधीच तिचे "कबड्डी कबड्डी" विरून जाई, आणि दम गेला म्हणून पंच शिट्टी वाजवीत. घरी आली की दप्तर टाकून झोपे.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पोरीची छाती नाजूक आहे. बंद कर तो धांगडधिंगा." मी उलट बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती, कारण माझ्याही मनात तेच होते. मी तिचे बूट उचलले आणि माळ्यावर पापडाच्या डब्यामागे ठेवून दिले.

भगिनींनो, मीही लहानपणी हुतुतू खेळत असे. गावची शाळा सातवीपर्यंत होती. शाळा सुटली त्याच वर्षी, "आता मोठी झालीस, पुरे," म्हणून माझा हुतुतूही सुटला. मला कोणी काही विचारले नाही, आणि मीही कोणाला काही विचारले नाही. तेच मी माझ्या लेकीच्या बाबतीत करायला निघाले होते.

दोन दिवस तिने बूट शोधले. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. रागावली नाही, की रडली नाही. म्हणाली, "आई, माझा दम कमी पडतो, तर खेळ बंद करायचा की दम वाढवायचा?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली. दम्याची घरघर नव्हती, हृदयाचे ठोकेही ठीक होते. मग रक्त तपासायला दिले. हिमोग्लोबिन निघाले ९.४. तिच्या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवे. डॉक्टर म्हणाले, "प्राणवायू वाहून नेतात त्या तांबड्या पेशी. इथे गाड्याच कमी आहेत, तर माल पोचणार कसा?" २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे ही काही माझ्या एकटीच्या घरची गोष्ट नाही. ताटात आपण मुलीला भाजी वाढतो, पण ती खाते का हे बघत नाही; आणि जेवणाबरोबर चहाचा कप देऊन अन्नातले लोह वाया घालवतो, हे मला तेव्हा कळले.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पालेभाजी, डाळी यांच्याबरोबर लिंबू, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. एवढे झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. दमाचे खरे शिक्षण मला या बाईंनी दिले. पुढे सांगते ते बहुतेक त्यांचेच आहे. शब्द तेवढे माझे.

मी समजत होते की श्वास फुप्फुसे घेतात. ते खरे नव्हे. फुप्फुसे स्वतः हलत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटासारखा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकसला की खाली जातो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. म्हणजे श्वास घेणे हे स्नायूंचे काम आहे. पाटा-वरवंटा फिरवताना दंडाचे स्नायू दमतात, तसेच हेही दमतात.

आपण निवांत बसलेलो असतो तेव्हा मिनिटाला १२ ते २० श्वास होतात आणि दर श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा आत येते. खेळ जोरात आला की श्वासांची संख्या ४०-५० वर जाते आणि प्रत्येक श्वास कितीतरी मोठा होतो. अशा वेळी शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी शेकडा १० ते १५ इतका वाटा नुसते श्वासाचे स्नायूच खाऊन टाकतात.

मग बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर कोणी नळ पूर्ण सोडला, की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. शरीरातही तसेच होते. श्वासाचे स्नायू फार दमले की मज्जातंतूंमार्फत हुकूम सुटतो आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. श्वास चालू राहिला पाहिजे, म्हणून पायांचे रक्त कमी केले जाते. पाय जड होतात ते केवळ पाय दमले म्हणून नव्हे. छाती दमली म्हणूनही होतात. मुलगी म्हणते, "पायच उचलत नाही," आणि आपण तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत बसतो.

आता कबड्डीत हे जास्त का जाणवते ते पाहा. सरळ धावण्याच्या शर्यतीत मुलगी आपल्या लयीत श्वास घेते. कबड्डीत तसे नाही. एक चढाई ३० सेकंदांची, ती एका दमात करायची आणि तोंडाने "कबड्डी" म्हणणे अखंड चालू ठेवायचे. म्हणजे निघताना छातीभर हवा घ्यायची आणि ती जपून जपून सोडायची. परत आल्यावर विश्रांती म्हणाल तर नाहीच. समोरची चढाईला आलेली असते; लगेच साखळीत उभे राहून पकड करायची. ती परतली की पुन्हा आपली पाळी. बायकांच्या सामन्यात पंधरा मिनिटांचे असे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची सुट्टी. धाव, थांब, पुन्हा धाव. खो-खो, फुटबॉल, हॉकी, बॅडमिंटन यांतही हाच प्रकार आहे. अशा खेळांत जी मुलगी दोन धावांच्या मधल्या थोड्या वेळात लवकर सावरते, ती शेवटपर्यंत टिकते.

आणि सावरणे हे श्वासाच्या स्नायूंवर बरेचसे अवलंबून असते. म्हणून त्यांनाही तालीम द्यायची.

ही तालीम एका लहानशा यंत्राने करतात. हातात मावेल एवढी नळी असते, आत स्प्रिंगची झडप असते. जोर लावून हवा ओढली तरच झडप उघडते. स्प्रिंग पिळून अडसर कमीजास्त करता येतो. बाहेर सोडताना मात्र काही अडथळा नसतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दवाखान्यातून आणलेले तीन रंगीत चेंडूंचे यंत्र असेल. मीही तेच घेऊन गेले होते, म्हटले हे घरात पडूनच आहे. बाई हसल्या. ते यंत्र शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेण्याची सवय राहावी म्हणून असते. त्यात स्नायूला फारसे ओझे पडत नाही. रिकामी कळशी उचलून दंड भरत नाहीत, तसे हे.

रीत अशी. प्रथम मुलीच्या श्वासाचा जास्तीत जास्त जोर मोजतात आणि त्याच्या साधारण निम्म्याएवढा अडसर लावतात. ताठ बसायचे, नाकाला चिमटा लावायचा. छातीतली हवा सगळी सोडून द्यायची आणि मग जोराने, झटकन, छाती पूर्ण भरेपर्यंत ओढायची. सोडताना सावकाश सोडायची. असे ३० श्वास सकाळी आणि ३० संध्याकाळी. एका वेळेला पाचेक मिनिटे लागतात. तीस श्वास सहज होऊ लागले की स्प्रिंग थोडी पिळायची. पूर्ण होत नसतील तर थोडी सैल करायची. चार ते सहा आठवड्यांत फरक दिसतो. पुढे एक दिवसाआड केले तरी चालते. अजिबात सोडून दिले तर मिळवलेले हळूहळू जाते, जसे कोणत्याही तालमीचे होते.

पहिल्या दिवशी माझी लेक बाराव्या श्वासाला थांबली. मी म्हटले, दाखव मला. मी ओढून पाहिले, तर मला आठसुद्धा जमले नाहीत. दोघी हसलो. मग तिच्या बरोबरीने मीही बसू लागले. तिच्यासाठी तिचे यंत्र, माझ्यासाठी बाईंनी वापरायला दिलेले दुसरे. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत माझे तीस श्वास होत. सासूबाई देवघरातून म्हणत, "काय ते दोघींचे फुसफुस चालले आहे!"

याचा उपयोग होतो हे कशावरून, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. इंग्लंडमध्ये २४ खेळाडूंवर याचा एक प्रयोग झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. थांबून थांबून धावण्याच्या खेळांतलेच ते खेळाडू. त्यांतल्या निम्म्यांनी सहा आठवडे खरी तालीम केली आणि निम्म्यांनी नावापुरती. खरी तालीम केलेल्यांना दोन धावांच्या मध्ये सावरायला शेकडा सहाच्या आसपास कमी वेळ लागू लागला. शेकडा सहा म्हणजे फार नव्हे. पण सामना जातो तो असाच एखाद्या सेकंदाने, हे मैदानाजवळ उभे राहणाऱ्या आयांना सांगायला नको. पुढे झालेले सगळेच प्रयोग सारखे आले नाहीत. काहींत फायदा थोडाच दिसला. या तालमीने फुप्फुसे मोठी होत नाहीत, आणि धावणे, दोरीवरच्या उड्या, सराव यांची जागाही ती घेत नाही. ती पुरवणी आहे. जेवणात लोणचे असते तशी म्हणा.

"आमची मुलगी प्राणायाम करते, ते पुरे नाही का?" असे एका बाईंनी मला विचारले. प्राणायाम जरूर करावा. त्याने मन शांत राहते आणि श्वासावर ताबा येतो; दम जपून सोडायला तोही उपयोगी आहे. पण स्नायूला बळ यायचे तर त्याच्यावर ओझे पडावे लागते, आणि सावकाश श्वासात ते पडत नाही. तोंडाला ओढणी घट्ट बांधून पळण्याचा उपाय मुली एकमेकींना सांगतात, तो मात्र करू नये. त्यात अडसर किती आहे याचे माप नसते आणि जीव घाबरा होतो.

यंत्राशिवाय आणखी दोन गोष्टी मी शिकले. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, धाप लागल्यावर उभे कसे राहावे ही. लेक वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली की बाजूने सगळे ओरडत, "सरळ उभी राहा, हात डोक्यावर घे!" मीही ओरडत असे. अमेरिकेत वीस महिला फुटबॉल खेळाडूंवर केलेली एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उलटेच दिसले. गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या मुलींचे ठोके लवकर खाली आले आणि त्यांचा श्वासही मोठा झाला. त्या स्थितीत श्वासपटलाला काम करायला सोयीचे जाते. पोरीच्या शरीराला जे आपोआप कळत होते, ते आम्ही ओरडून बंद पाडत होतो.

दुसरी गोष्ट आपण बायकांनी आपसात बोलायची आहे. वाढत्या वयाच्या मुली लाजेखातर आतून फार घट्ट कपडे घालून खेळतात. कोणी एकावर एक दोन घालतात. चड्डीची नाडी करकचून बांधतात, पोट आत ओढून धरतात. बरगड्या आवळल्या आणि पोट आवळले, तर पडदा खाली जाणार कुठे? छातीला आधार हवा, पण खाली बरगड्यांभोवती दोन बोटे सहज जातील इतपत सैलपणा हवा. हे प्रशिक्षक सर मुलीला सांगू शकत नाहीत, आणि मुलगी सरांना विचारू शकत नाही. हे आईनेच सांगायला हवे. मी चार वर्षे सांगितले नव्हते.

आता सावधगिरीचे शब्द. मुलगी दम लागतो म्हणाली, तर आधी डॉक्टर, यंत्र मागाहून. रक्त कमी असेल, दमा असेल, हृदयाचे काही असेल, तर त्याचा इलाज वेगळा आहे. खेळताना चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखले, तर एक दिवसही थांबू नये. कानाच्या पडद्याला भोक असेल, फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा आजार होऊन गेला असेल, बरगडी मोडली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र तोंडाला लावू नये. सर्दी-खोकल्यात सुट्टी घ्यावी. डोके हलके वाटू लागले तर थांबावे. प्रत्येकीचे यंत्र वेगळे हवे आणि ते रोज धुऊन वाळवलेले हवे. मैत्रीत डबा वाटून खावा, ही नळी वाटून घेऊ नये.

लेकीचे पुढे काय झाले, ते ऐकण्याची तुम्हाला उत्सुकता असेल. ती काही राज्याच्या संघात गेली नाही. गोळ्या तिने चार महिने घेतल्या. हिमोग्लोबिन १२ च्या थोडे वर आले. यंत्राचे सहा आठवडे मध्येच येऊन गेले. तेव्हा यातले रक्ताने किती केले आणि तालमीने किती, हे मला वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण डिसेंबरात तालुक्याच्या सामन्याला मी गेले होते. दुसऱ्या डावाची शेवटची दोन मिनिटे राहिली होती आणि तिला चढाईला पाठवले. पूर्वी अशा वेळी सर तिला बाजूला ठेवत. ती गेली, बोनस रेषेपर्यंत पोचली, परत फिरली. मी कान देऊन ऐकत होते. "कबड्डी कबड्डी" शेवटपर्यंत खणखणीत ऐकू येत होते, मध्यरेषा ओलांडेपर्यंत. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "दम टिकला का गं?" ती म्हणाली, "टिकला, आजी." म्हाताऱ्या बाईने उठून तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

मंडळाला माझी दोन नम्र मागणी आहेत. वर्षातून एकदा, हळदीकुंकवाच्या दिवशीच, गल्लीतल्या सगळ्या मुलींचे रक्त तपासण्याची सोय मंडळाने करावी. नुसते वाण देऊन पाठवू नये. आणि ज्या मुली खेळतात पण ज्यांना यंत्र घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी मंडळाच्या निधीतून दरवर्षी दोन-तीन यंत्रे घ्यावीत. त्यांची किंमत काही हजारांत जाते, हे मला ठाऊक आहे. या वर्षीचा फराळ थोडा कमी केला, तर जमण्यासारखे आहे.

आणि आया-आज्यांना एक सांगणे. मुलगी धापा टाकत घरी आली तर तिचे बूट माळ्यावर टाकू नका. आधी तिला विचारा, कधी दम लागतो, किती वेळ टिकतो, पाय जड होतात का. माझ्या वेळी हे कोणी विचारले नाही. आपण विचारायला शिकू या.